जहाजाचा जुना होका आणि त्याचा बिनॅकल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोटीवरची नोकरी संपल्यापासून मी जुनी होकायंत्रं दुरुस्त करतो. आधी हौस म्हणून सुरू केलं, आता घराची गॅलरी माझी राहिलेली नाही. फोनवर लोक तेच तेच विचारतात, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. कोणी पितळेचं काही चमकदार शोधत आला असेल, तर त्याने निदान नकलांविषयीचं उत्तर वाचून मगच पैसे काढावेत.

हा 'स्टँड' म्हणजे नक्की काय? नुसता वरचा होका घेतला तर चालणार नाही का?

चालेल की. भोपळ्याशिवाय तंबोऱ्याच्या तारा घेतल्या तर चालतात, तसंच.

बाजारात त्याला 'कंपास स्टँड' म्हणतात, बोटीवरची माणसं 'बिनॅकल'. साधारण साडेचार फुटी, खाली रुंद आणि वर निमुळता होत गेलेला सागवानी किंवा महोगनीचा खांब. डोक्यावर पितळी टोप, टोपाला काचेची खिडकी. टोपाखाली दोन कड्यांमध्ये झुलणारा वाडगा, म्हणजे बोट कितीही डुलली तरी आतली दिशांची तबकडी आडवीच राहते. या कड्यांना गिंबल म्हणतात. खांबाच्या दोन बाजूंना कंसांवर दोन लोखंडी गोळे, समोर एक उभी पितळी नळी, पोटाला छोटं दार.

वाडग्यात तबकडीखाली लावलेल्या चुंबकीय सुईला उत्तर दिशा सापडते हे खरं, पण भोवती हजारो टन लोखंड असताना ती सापडावी म्हणून हा सगळा खटाटोप खांबाच्या अंगावर आणि पोटात केलेला असतो. लोक खांबाला बैठक समजतात आणि गोळ्यांना शोभा. म्हणून सुट्टे करून विकले जातात, आणि मग माझ्याकडे फोन येतो.

लाकडी जहाजांवरही असा खांब असायचा?

नाही. तिथे सुकाण्याच्या चाकापुढे एक बुटकं कपाट असे. त्याचे तीन कप्पे: डावी-उजवीकडे एकेक होका आणि मधे दिवा, म्हणजे रात्री दोन्ही तबकड्यांवर उजेड पडतो. कपाट लाकडी खुंट्यांनी जोडलेलं असे, कारण लोखंडी खिळा सुईला ओढतो हे त्या काळीही ठाऊक होतं. पोर्तुगीज त्याला 'बिटाकुला' म्हणत, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ छोटं घर. इंग्रजांच्या तोंडी त्याचं 'बिटॅकल' आणि पुढे 'बिनॅकल' झालं.

मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' १८१७ साली पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी एकदा जाऊन यावं. सगळं अंग लाकडाचं असलं की होक्याला किती कमी त्रास होत असेल, ते तिथल्या डेकवर उभं राहिल्यावर कळतं.

मग लोखंडी जहाजं आल्यावर एवढं काय बिघडलं?

खरं तर बिघाड लाकडी जहाजांतच लक्षात आला होता. मॅथ्यू फ्लिंडर्स हा इंग्रज कप्तान १८०१ ते १८०३ या काळात 'इन्व्हेस्टिगेटर' घेऊन ऑस्ट्रेलियाचा किनारा मोजत फिरत होता. त्याने पाहिलं की जहाजाचं तोंड फिरवलं की होका वेगळंच काही सांगतो, आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेला गेलं की ही चूक उलट्या बाजूला पडते. तोफा आणि जहाजावरचं इतर लोखंड हे कारण त्याने शोधून काढलं. होक्याजवळ एक उभी लोखंडी कांब ठेवून ही चूक मारता येईल असंही सुचवलं. परतीच्या वाटेवर फ्रेंचांनी त्याला मॉरिशसला अडकवलं, तिथूनच त्याने रॉयल सोसायटीला पाठवलेला निबंध १८०५ साली छापून आला. हा माणूस १८१४ मध्ये चाळिशीतच गेला. त्याची शवपेटी २०१९ साली लंडनच्या यूस्टन स्थानकाजवळ रेल्वेच्या खोदकामात सापडली. ज्या माणसाने जगाला दिशा नीट वाचायला शिकवली, त्याच्या थडग्याचा पत्ता दीडशे-पावणेदोनशे वर्षं कुणाला नव्हता!

आख्खी बोटच लोखंडाची झाल्यावर प्रकरण हाताबाहेर गेलं. बोट बांधताना पत्र्यांवर हजारो घाव बसतात. त्या वेळी तिचं तोंड ज्या दिशेला असेल, त्याप्रमाणे पृथ्वीचं चुंबकत्व तिच्या अंगात मुरतं. म्हणजे प्रत्येक बोट हे एक अवाढव्य लोहचुंबक, आणि प्रत्येकीचा स्वभाव निराळा. त्यातही समुद्रात लाटांचे तडाखे बसले की हा स्वभाव बदलतो. इंग्लंडचे राज-खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एरी यांनी १८३८ मध्ये डेप्टफर्डला 'रेनबो' या लोखंडी आगबोटीवर प्रयोग करून दाखवलं की होक्याजवळ चुंबक आणि साधं लोखंड मोजूनमापून ठेवलं तर बोटीची ओढ मारता येते. गोळ्यांच्या जागी तेव्हा लोखंडी साखळ्यांनी भरलेल्या पेट्या ठेवत असत.

याला सगळे तयार नव्हते. चुंबकाने चुंबकाची चूक दुरुस्त करायची, आणि बोटीचा स्वभावच उद्या बदलला तर? असा वाद बरीच वर्षं चालला. जानेवारी १८५४ मध्ये लिव्हरपूलहून मेलबर्नला निघालेली 'टेलर' ही नवी लोखंडी बोट दोनच दिवसांत आयर्लंडजवळच्या लँबे बेटावर आपटली, तीनशेहून जास्त माणसं गेली. बोट दक्षिणेला चालली आहे असं होके सांगत होते, ती प्रत्यक्षात पश्चिमेला खडकांकडे जात होती. या अपघातानंतर वाद आणखी पेटला, पण निदान दुर्लक्ष करणं कुणाला परवडेना.

बाजूचे गोळे कशासाठी? एक घेतला तर चालेल का?

एक घेऊ नका. कानातला एकच डूल घेतल्यासारखं होईल.

हे गोळे मऊ लोखंडाचे असतात. मऊ म्हणजे बोटाने दाबले जाणारे नव्हे. ज्याच्यात चुंबकत्व मुरत नाही, शेजारी चुंबक असेल तेवढाच वेळ टिकतं, असं लोखंड. बोटीच्या आडव्या तुळयांमुळे होक्यात जी चूक येते ती ईशान्य, आग्नेय, नैऋत्य आणि वायव्य या चार तोंडांवर सर्वांत जास्त असते आणि दर चौथ्या हिश्श्याला तिची बाजू पालटते. गोळे नेमकी याच्या उलट चूक निर्माण करतात. कंसावर खाच असते, तिच्यावर गोळे आत-बाहेर सरकवून नटाने घट्ट करायचे. चूक मोठी असेल तर जवळ किंवा मोठे गोळे, लहान असेल तर दूर.

गोळा अजून 'मऊ' आहे का, हे घरीही पाहता येतं. सगळं जागेवर बसवून तबकडी शांत होऊ द्या. मग नट जरासा सैल करून गोळा जागच्या जागी स्वतःभोवती फिरवा. तबकडी ढिम्म राहिली तर गोळा चांगला. गोळ्याबरोबर तीही थोडी हलली, तर कुणीतरी तो कधीतरी आपटला आहे किंवा चुंबकाशेजारी वर्षानुवर्षं ठेवला आहे. लालबुंद तापवून हळूहळू गार केला की तो पुन्हा ताळ्यावर येतो. हे काम भट्टीवाल्याकडून करून घ्या, गॅसवर नको.

लाल आणि हिरवा रंग लावलेले गोळे दिसतात. डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा, हा बोटीच्या दिव्यांचा नियम आहे. गोळ्यांच्या कामाशी रंगाचा काही संबंध नाही.

दार उघडलं तर आत भोकंच भोकं आहेत, आणि एक साखळी. हे काय?

ही आतली मजा. दाराआड दोन प्रकारची आडवी भोकं असतात: काही बोटीच्या लांबीच्या दिशेत, काही रुंदीच्या. त्यांत पेन्सिलीएवढ्या जाडीचे चुंबक सरकवतात, एक टोक लाल, दुसरं निळं. बोटीच्या अंगात कायमचं मुरलेलं चुंबकत्व यांनी मारायचं. किती चुंबक, कोणत्या भोकात, लाल टोक कुठे, हे बोटीगणिक वेगळं. जुन्या मालकाने ते लिहून ठेवलेलं असतं, बहुतेक वेळा दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने. म्हणून आतलं लाकूड घासायच्या आधी टॉर्च मारून नीट बघा. मला एका दारावर एकाखाली एक सात तारखा मिळाल्या होत्या. पॉलिशवाला पोहोचण्याआधी फक्त फोटो काढता आला.

साखळी असते मधल्या उभ्या नळीत. तिच्या टोकाला पितळी बादली, बादलीत उभा चुंबक. बोट एका कुशीवर कलली की जी चूक येते ती या चुंबकाने कमी होते. साखळी वर-खाली करून पिनेने अडकवायची. बोट उत्तर गोलार्धातून दक्षिणेला गेली की बादलीचा हिशोब पुन्हा मांडावा लागतो, कारण पृथ्वीच्या चुंबकाची उभी ओढच तिथे उलटी होते.

आणि समोरची पितळी नळी? ती म्हणजे फ्लिंडर्सने सुचवलेली कांब, आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. आत मऊ लोखंडाचे तुकडे असतात: १२, ६, ३, दीड इंच आणि पाऊण-पाऊण इंचाचे दोन, सगळे मिळून २४ इंच. लागतील तेवढे वापरायचे, सर्वांत लांब तुकडा वर आणि खाली उरलेल्या जागेत लाकडाचे ठोकळे. एका गिऱ्हाइकाने मोठ्या अभिमानाने सांगितलं की 'नळीत कुणीतरी फालतू लाकडं कोंबली होती, ती काढून टाकली.' लोखंड खाली घसरलं, आणि सुईच्या पातळीला राहिलं ते फक्त पितळ. सुतार गाठून ठोकळे पुन्हा करून घेतले.

प्रत्येक दुसऱ्या खांबावर केल्विनचं नाव का असतं?

कारण आज ज्याला आपण जहाजाचा होका म्हणून ओळखतो, त्याचं रूप बहुतांशी त्यांनी ठरवलं. केल्विन म्हणजेच विल्यम थॉमसन, ग्लासगोचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, तापमानाच्या मापात ज्यांचं नाव आहे तेच. त्यांच्याकडे स्वतःची शिडाची यॉट होती, त्यामुळे होक्याचा वैताग त्यांना पुस्तकातून नव्हे तर डेकवरून माहीत होता. १८७६ साली त्यांनी पेटंट घेतलं.

त्यांची युक्ती मला आजही देखणी वाटते. तोवर समजूत अशी होती की सुई मोठी आणि जड असली तर होका स्थिर राहतो. पण मोठ्या सुईची चूक मारायला गोळे एवढे मोठे लागतात की ते खांबावर बसवणं शक्य नाही. थॉमसननी उलटं केलं. दोन ते सव्वातीन इंचांच्या आठ बारीक सुया, दोरीच्या शिडीसारख्या रेशमी धाग्यांनी टांगलेल्या, भोवती ॲल्युमिनियमची नाजूक कडी आणि तिच्यावर कागदाची पट्टी. दहा इंच व्यासाची ही आख्खी तबकडी भरते जेमतेम ११-१२ ग्रॅम. वजन सगळं कडेला असल्यामुळे ती हळू झुलते, हलकी असल्यामुळे टेकूवर घर्षण नगण्य, आणि सुया छोट्या असल्यामुळे बेताच्या आकाराचे गोळे पुरतात. ब्रिटिश आरमाराने ती १८८९ मध्ये अधिकृतपणे स्वीकारली.

अशी मूळ तबकडी हातात घेतली तर श्वास रोखून धरा. मी पहिल्यांदा घेतली तेव्हा पंखा चालू होता. दोन धागे तुटले, आणि ते पुन्हा बांधायला मला चार रात्री लागल्या.

पाटीवरून साल सांगता येतं का?

अचूक नाही, पण टप्पा सांगता येतो. थॉमसन यांना 'सर' किताब १८६६ मध्ये मिळाला आणि ते लॉर्ड केल्विन झाले १८९२ मध्ये. म्हणून पाटीवर 'सर विल्यम थॉमसन यांचं पेटंट' आणि त्यांचे होके बनवणाऱ्या जेम्स व्हाइटचं नाव असेल तर ती वस्तू बहुधा १८९२ च्या आधीची. 'केल्विन अँड जेम्स व्हाइट' हे नाव १९०० पासूनचं. 'केल्विन, बॉटमली अँड बेअर्ड' १९१३ पासून. 'केल्विन अँड ह्यूज' झालं १९४७ मध्ये, दोन कंपन्या एकत्र आल्यावर. शेवटचं साल पाठ करून ठेवा, पुढच्या उत्तरात लागेल.

इंग्रजीत 'सेस्ट्रेल' लिहिलेलं दिसलं तर ते बार्किंगच्या हेन्री ब्राऊन अँड सनचं. हँबुर्गचं सी. प्लाथ फार नेटकं काम करत असे. आपल्याकडे भंगारात सर्वांत जास्त सापडतात जपानी: सौरा केइकी, टोकियो केइकी. जुन्या पोरींच्या नाकातल्या चमकीसारखी इंग्रजी नावं भाव खातात, पण रोजच्या वापराला मला जपानी आवडतात. गिंबलचे पिन अजून घट्ट, काच अजून स्वच्छ.

नक्कल कशी ओळखू?

पहिली खूण: 'केल्विन अँड ह्यूज, लंडन, १९१७'. तीस वर्षांनी जन्मलेली कंपनी १९१७ मध्ये होकायंत्रं कशी बनवत होती, हे विकणाऱ्याला विचारा आणि चेहरा बघा. अशा हजारो पितळी डब्या जगभर विकल्या जातात. त्यांतला मोठा वाटा आपल्याच देशातून जातो. रुरकीत शास्त्रीय उपकरणं बनवण्याची जुनी परंपरा आहे आणि मुरादाबादला पितळेची. शोभेची वस्तू म्हणून त्यांचं काम वाईट नाही. 'जुनी' म्हणून विकणं वाईट.

खिशात छोटा चुंबक ठेवा. गोळ्यांना तो चिकटला पाहिजे. नाही चिकटला तर ते पितळेचे किंवा लाकडाचे, म्हणजे फक्त शोभेचे. खांबाच्या पट्ट्यांना, कड्यांना, टोपाला तो चिकटता कामा नये. चिकटला तर आत लोखंडावर पितळेचा मुलामा आहे, आणि कोणत्याही बोटीवर अशी वस्तू कुणी चढवू दिली नसती. तबकडीजवळ मात्र तो नेऊ नका, सुया बिघडतात.

झीज कुठे आहे तेही बघा. खऱ्या खांबाचं दार बिजागरीजवळ घासलेलं असतं, टोपाची मूठ एका बाजूला जास्त गुळगुळीत, तळाला डेकच्या बोल्टांची भोकं. बनावट म्हातारपण सगळीकडे सारखं असतं, जणू वस्तू एका दिवसात म्हातारी झाली. झालीच असते म्हणा.

मिळतात कुठे?

भावनगरजवळ अलंगला १९८३ पासून जहाजं फोडतात. त्रापजहून अलंगकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बोटीच्या सामानाची दुकानं लागतात. खाटा, कपबश्या, लाइफ जॅकेटं आणि मधेच एखादा बिनॅकल उभा, अंगावर कुणाची तरी लुंगी वाळत. मुंबईत माझगावचा दारूखाना, जिथे आपली जुनी 'विक्रांत' २०१४ मध्ये फोडायला घेतली. आणि चोरबाजारात मटन स्ट्रीट. तिथे पारखी माणसं आहेत, त्यांना फसवायला जाऊ नका आणि त्यांनीही तुम्हाला फसवू नये म्हणून वरचं उत्तर.

किंमत किती असावी?

आकडा सांगत नाही, कारण उद्या तोच आकडा कुणी मला उलटा ऐकवेल. क्रम सांगतो. तबकडी मूळची आणि फिरणारी असेल तर निम्मा भाव तिचा. मग गोळे जोडीने, मग टोप, मग बाजूचे दिवे, मग आतले चुंबक. दिवे सर्वांत आधी चोरीला जातात, म्हणून दोन्ही मूळ दिवे असलेला खांब दिसला तर थोडं जास्त द्या. वजनाचाही खर्च धरा. गोळ्यांसकट खांब तिसऱ्या मजल्यावर चढवायला चार जण लागतात, आणि गोळे आधी काढून घेतले नाहीत तर जिन्याच्या भिंतीही रंगवाव्या लागतात.

कोरडा होका आणि ओला होका यांत फरक काय?

थॉमसनची तबकडी कोरडी, म्हणजे हवेत टेकूवर तोललेली. तोफा सुटल्या किंवा इंजिनाचा धक्का बसला की ती थरथरते. म्हणून आरमारं द्रवात बुडवलेल्या तबकडीकडे वळली. बोस्टनच्या एडवर्ड रिचीने १८६२ च्या सुमारास चांगला द्रव-होका केला होता, ब्रिटिश आरमाराने आपल्याच कप्तान चेटविंडचा द्रव-होका १९०६ मध्ये घेतला. तबकडीला फुगा असतो, त्यामुळे टेकूवर भार फारसा येत नाही, आणि द्रव झोके शांत करतो. व्यापारी बोटींवर मात्र कोरडे होके पुढेही पुष्कळ वर्षं दिसत राहिले.

काचेखाली बुडबुडा आलाय. घरी काढता येईल?

येईल, घाई केली नाही तर. सर्वांत जास्त येणारा प्रश्न हा, म्हणून जरा सविस्तर.

आधी आत कोणता द्रव आहे ते ओळखायचं. जुन्या होक्यात शुद्ध पाणी आणि मद्यार्क यांचं मिश्रण, नव्यात रॉकेलसारखं पातळ तेल. वाडग्याच्या बाजूला एक छोटा पितळी स्क्रू असतो. तो वर येईल असा वाडगा कलवा, स्क्रू काढा, सुईच्या पिचकारीने एक थेंब बाहेर घ्या आणि वाटीभर पाण्यात टाका. मिसळून गेला तर मद्यार्क, वर तरंगला तर तेल. एकात दुसरं कधी घालू नका. आतला पांढरा रंग सुटतो, तबकडीवरचे आकडे फुगतात आणि मग माझ्याकडेही उपाय नसतो. दुकानातलं थिनर किंवा लाकडाला लावायचं स्पिरिट तर मुळीच नको.

सकाळी, गारव्यात काम करा. पिचकारीने भिंतीच्या कडेने थेंब थेंब सोडा, मधे वाडगा हलका झुलवा म्हणजे अडकलेली हवा वर येते. स्क्रूच्या तोंडाशी द्रव घुमटासारखा फुगला की स्क्रू लावा. जुना चामडी वॉशर कडक झाला असेल तर बदला, नाहीतर महिन्याभरात बुडबुडा परत हजर.

वाडग्याच्या तळाला एक पातळ नालीदार पत्रा असतो. उन्हाने द्रव फुगला की तो बाहेर येतो, थंडीत आत जातो. पहाटे दिसणारा आणि दुपारी नाहीसा होणारा मोहरीएवढा बुडबुडा असेल तर सोडून द्या. सुपारीएवढा असेल तर कुठेतरी गळती आहे.

पितळ चकचकीत करावं का?

माझं मत विचारलं तर नाही. बोटीवर पितळ रोज घासलं जायचं हे खरं, पण ते हाताने, मऊ कापडाने. बाजारातले लोक यंत्रावर घासतात आणि त्यात पाटीवरची अक्षरं, अंशांच्या रेघा, कारागिराचे क्रमांक सगळं पुसलं जातं. चिंच-मीठही नको. ते देवघरातल्या समईला ठीक. कोमट पाणी, मऊ ब्रश, लगेच कोरडं. वाडग्याच्या काठावरच्या रेघांना हातही लावू नका.

तबकडीवरची खूण पूर्वी अंधारात चमकायची म्हणतात. धोका आहे का?

असू शकतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लष्करी आणि विमानातल्या होक्यांवर रेडियमचा रंग असे. चमक जाते, रेडियम जात नाही. त्याचं निम्मं आयुष्यच सुमारे १६०० वर्षं. अशी वस्तू उघडू नका, खरवडू नका, मुलांच्या खोलीत ठेवू नका. व्यापारी बोटींच्या मोठ्या होक्यांत दिव्याचा उजेड खालून किंवा बाजूने येई, तिथे हा प्रश्न सहसा येत नाही.

तबकडीवर आठ दिशांऐवजी एवढी टोकं का?

आपल्याला ईशान्येपासून वायव्येपर्यंत आठ दिशा पुरतात. शिडाच्या बोटीला बत्तीस लागत, दोन टोकांमधे सव्वाअकरा अंश. नव्या पोराने ही बत्तीस नावं न अडखळता सुलट आणि उलट म्हणायची, हा बोटीवरचा पाढा. उत्तरेला फुलासारखी नक्षी असते, अंधुक उजेडात ती नेमकी सापडावी म्हणून.

घरात ठेवला तर उत्तर बरोबर दाखवेल? वास्तूसाठी वापरायचा आहे.

वास्तूबद्दल मी बोलत नाही, लोखंडाबद्दल बोलतो. फ्लॅटच्या खांबांत आणि स्लॅबमधे सळया, शेजारी लोखंडी कपाट, फ्रिज, स्पीकर. माझ्याच हॉलमधे होका खिडकीपासून कपाटापर्यंत नेला तर बारा अंशांनी फिरतो. एका जागेवरचं वाचन धरून भिंत पाडू नका, एवढंच. मैदानात नेऊन पाहा. मुंबईत खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांच्यातला फरक, म्हणजे दिक्पात, एक अंशाहूनही कमी आहे, त्यामुळे इथे दुरुस्तीची गरजच नाही. सिडनीतल्या नातेवाइकांना हेच सांगू नका, त्यांच्याकडे तो बारा-तेरा अंश पूर्वेला आहे.

लोखंड आणि वीज यांचा त्रास फक्त आपल्यालाच नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरल्यावर त्या तारांनी नोंदी नासणार हे उघड होतं. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी समुद्रापलीकडे अलिबागला जागा निवडली, लोखंड टाळून इमारत उभारली आणि १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या. ती वेधशाळा आजही चालू आहे. अलिबागला किल्ला बघायला जाता तेव्हा तिच्याही कुंपणावरून नजर टाका.

आता उपग्रह आहेत. आजच्या बोटींवर हे लागतं का?

लागतं. जायरो होका, म्हणजे चुंबकाऐवजी विजेने गरगर फिरणाऱ्या चाकावर चालणारा, १९०८ मध्ये जर्मनीत आला, पुढे उपग्रह आले, तरी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विजेशिवाय चालणारा चुंबकीय होका बोटीवर हवाच. सर्वांत वरच्या उघड्या डेकवर तो उभा असतो, आणि खाली सुकाण्याला तो आरशांच्या नळीतून दिसतो. मी बोटीवर असताना एकदा सगळी वीज गेली होती. त्या चाळीस मिनिटांत ब्रिजवरचे, म्हणजे बोट चालवायच्या खोलीतले, सगळे पडदे काळे होते आणि सुकाणी त्या नळीतच डोळा लावून उभा होता.

परदेशातल्या मुलाकडे पाठवता येईल?

वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ती येते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. त्याहून नवी असेल तरी दिसायला जुनी असल्याने कस्टममधे अडते. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'ही पुरावस्तू नाही' असा दाखला घ्या. नक्कल असेल तर बिनधास्त पाठवा.

माझ्याकडे आजोबांचा फक्त वाडगा आहे, खांब नाही. काय करू?

खांब शोधायला धावू नका. दुसऱ्या मापाचा खांब हाती लागला तर गिंबल बसत नाही. जुन्या लहान गलबतांवर होका पेटीतच असे, तशी चौकोनी सागवानी पेटी करून घ्या. गिंबलच्या पिनांसाठी दोन समोरासमोर पितळी खाचा, वर सरकतं झाकण. सुताराला दोनदा बजावून सांगा: स्क्रू, बिजागऱ्या, कडी सगळं पितळेचं. मी एकदाच सांगितलं होतं. पेटी सुंदर झाली, आणि तबकडी कुठेही ठेवली तरी कडीकडे तोंड करून बसायची. झाकण उघडून पाहिलं तर कडीवर पितळी रंग आणि आत चार इंच लोखंड.